आधी तिचा घास

२२ मार्च २०२१, तुलसी नगर, भोपाळ

आले एकदाची माझ्या घरी. 'माझ्या' या शब्दाखाली रेघ मारावीशी वाटते, कारण एकोणचाळीस वर्षांत तो मी पहिल्यांदाच घराला लावते आहे. अमरावतीला होतं ते बाबांचं घर, मग दादाचं, मग वहिनीचं. नागपूरला मास्क लावलेल्या वीस माणसांसमोर लग्न लागलं आणि काल आम्ही निघालो. बैतूलच्या घाटात मला मळमळलं, तर परीक्षितने गाडी थांबवली आणि कुठूनसं लिंबू शोधून आणलं. बिजवर असला तरी माणूस सरळ आहे, असं वहिनी म्हणाली होती. लिंबू पाहून मला ते पटलं. तोंडाने अजून 'अहो'च म्हणते, रोजनिशीत मात्र परीक्षित आणि अरेतुरे.

क्वार्टर जुनं आहे, पण ऐसपैस. पुढे कडुनिंब, मागे फरशीचं अंगण. अंगणाच्या एका अंगाला स्वयंपाकघराचं दार आणि त्याच्या समोर एक सुटी खोली, तिला स्वतःचं न्हाणीघर. घराणं मूळ नागपूरचं. राजधानी बदलून सरकारी कचेरी भोपाळला हलली तेव्हा फायलींबरोबर हलवलेलं. सासूबाईंच्या, म्हणजे इंदुमतीबाईंच्या मराठीत हिंदी चांगली मुरली आहे. भाजीला सब्जी म्हणतात आणि कुलपाला ताला. परीक्षितची मुलगी श्रुती नऊ वर्षांची आहे. मला काकू म्हणते. आई म्हण, असं कोणी तिला सांगितलं नाही, आणि मीही घाई करणार नाही.

स्वयंपाकघर इतकं लावलेलं की मला हात घालायला जागाच नाही. डब्याडब्यावर चिठ्ठी: मोहरी, धणे, तीळ. तिरपं, नेटकं अक्षर. शर्वरीचं. म्हणजे पहिलीचं. गेल्या सप्टेंबरात करोनात गेली. आयत्या बिळात नागोबा म्हणतात तो मीच.

संध्याकाळी दिवा लावून झाल्यावर सासूबाईंनी माझ्या गळ्यात टाक घातला. दुसरेपणाच्या बायकोने पहिलीचा टाक घालायचा, हे मी ऐकून होते, पाहिला आज. नखाएवढा सोन्याचा पत्रा, त्यावर हात अंगाशी धरून उभी असलेली बाई, नाकडोळे नावापुरते. नवी साडी आधी टाकाला लावायची, कुंकू आधी टाकाला, आणि जेवताना पहिला घास आधी टाकाला टेकवून मग आपल्या तोंडात घालायचा. गेलेलीचा मान पहिला, तो राहिला की ती रुसत नाही, असं सासूबाई म्हणाल्या. मला हसू आलं. जिवंत सवत निदान दुसऱ्या खोलीत तरी निजेल, माझी तर माझ्याच गळ्यात.

२७ मार्च

खरं लिहिते, कारण इथे खोटं लिहून फायदा काय? मला तिचा हेवा वाटतो. मेलेल्या माणसाचा हेवा करणं वाईट, हे कळतं, पण वळत नाही.

चहा ठेवला तर परीक्षित म्हणाला की छान आहे, फक्त शर्वरी गवती चहाची पात टाकायची. पोळ्या केल्या तर श्रुतीने विचारलं की काकू चौकोनी घडी का घालत नाहीस. सासूबाई तर माझ्या वरणाला नावं ठेवत नाहीत, नुसतं मीठ मागून घेतात. मी पंधरा वर्षं शाळेत गृहशास्त्र शिकवलं आहे. माझ्या हातचं वरण खाऊन मुख्याध्यापकांनी वाटी चाटली होती.

आज दुपारी सगळ्या चिठ्ठ्या खरवडून काढल्या आणि माझ्या अक्षरात नव्या चिकटवल्या. जुन्यांचा बोळा करून कचऱ्यात टाकला. श्रुती दारात उभी राहून बघत होती.

शेजारच्या उषाभाभींनी कुंपणावरून हकिकत सांगितली. शर्वरी त्या मागच्या खोलीत नऊ दिवस होती. मग ॲम्ब्युलन्स आली, ती आपल्या पायांनी चालत गेली आणि फाटकापाशी वळून श्रुतीला येते म्हणाली. परत काही आलीच नाही. सगळं परस्पर झालं. परीक्षित घाटावर दोरीच्या अलीकडे उभा होता, तोंड कोणीच पाहिलं नाही. भाभींचे डोळे भरून आले होते. मला वाईट वाटलं, आणि ती भाभींची इतकी लाडकी होती याचाही राग आला.

५ एप्रिल

बिट्टन मार्केटला गेलो होतो. कैऱ्या, कोवळी गवार, गड्ड्याच्या गड्ड्या पुदिना. गर्दी फार होती, निम्म्यांचे मास्क हनुवटीवर. परीक्षितने मला मोरपिशी साडी घेतली, आपणहून. घरी येऊन ती मी तशीच नेसले, टाकाला न लावता. ती मला म्हणून घेतलेली आहे, तिला कशाला? जेवतानाही गेले चार दिवस मी सोंग करते. घास टाकापर्यंत नेते, टेकवत नाही. सासूबाईंची नजर अधू आहे, त्यांना कळत नाही.

परीक्षितने आज श्रुतीसमोर मला म्हटलं की घर पुन्हा घर वाटतंय. 'पुन्हा' हा शब्द मी सोडून दिला आणि बाकीचं वाक्य ठेवून घेतलं.

१० एप्रिल

मार्केटने साडीबरोबर आणखीही काही दिलं. दोन दिवस ताप, आज रिपोर्ट आला, पॉझिटिव्ह. बाकी तिघं निगेटिव्ह, देवाची कृपा. छातीचा स्कॅन काढायला गेलो. आतल्या माणसाने सांगितलं की अंगावर धातू नको. मंगळसूत्र आणि टाक दोन्ही काढून परीक्षितच्या हातात दिले. स्कॅनमध्ये संसर्ग बेताचाच निघाला. घरीच वेगळं राहा, ऑक्सिजन बघत जा, असं डॉक्टरांनी सांगितलं.

वेगळं राहायचं म्हणजे मागच्या खोलीतच. दारात सासूबाई टाक घेऊन उभ्या होत्या, तो घालूनच आत जा म्हणून. मी अंगणातूनच नको म्हटलं. तापाने डोकं ठणकत होतं, त्यात जीभही घसरली. मी म्हटलं, तिला माझ्याबरोबर कोंडू नका, राहू दे तिच्या लाडक्या स्वयंपाकघरात. सासूबाई कावऱ्याबावऱ्या झाल्या. मग रोजचा पहिला घास कोण देणार, म्हणाल्या. मी म्हटलं, तुम्हीच वाढा की तिला रोज पान. रागात बोलले, त्यांनी ते मनावर घेतलं. हरकत नाही. मान हलकी वाटते आहे.

११ एप्रिल, खोलीतला पहिला दिवस. ऑक्सिजन ९६

खाट, टेबल, वाफेचं भांडं, ओव्याची पुरचुंडी, ही रोजनिशी. खिडकीला गज आणि जाळी. समोर स्वयंपाकघराचं दार आणि कपड्यांची दोरी दिसते. श्रुती सवयीने आत शिरेल म्हणून सासूबाई बाहेरून कडी लावतात. ताट स्टुलावर ठेवून कडी काढतात, तीन पावलं मागे सरून हाक मारतात. मी ताट घेतलं की पुन्हा कडी.

वास आणि चव दोन्ही गेली. लसूण चावून पाहिली, काही नाही. खडू खाल्ल्यासारखं.

उशाशी भिंतीवर पेन्सिलीच्या नऊ रेघा आहेत. तिने दिवस मोजले असणार. मी शेजारी माझी पहिली रेघ मारली. मी चौदा मारीन.

शहरात कर्फ्यू लागणार म्हणतात. लागू दे. चौदा दिवसांनी मी माझ्या घरात जाणार आहे, एवढंच मला हवं आहे. माझं पान, माझी जागा, माझा चहा.

१३ एप्रिल, पाडवा. ऑक्सिजन ९५

गुढी पुढच्या दारी उभारली, मला इथून तिचं टोक दिसतं. तांब्या आणि त्याखाली हिरवं वस्त्र. मी तर मोरपिशी काढून ठेवा म्हटलं होतं. फोनवर विचारलं तर सासूबाई म्हणाल्या की कपाटात वर हीच होती, शर्वरीची. माझी जीभ शिवशिवली, पण सणाला भांडण नको.

ताट उशिरा आलं. सासूबाई नियमाने आधी टाकापुढे पान वाढतात, मग माझं. म्हणजे मी आजारी, घशाला कोरड, आणि ती धातूची बाई आधी जेवणार. माझ्या ताटात पुरीचा कोपरा तुटलेला होता आणि श्रीखंडावर बोट फिरलेलं. श्रुतीचं काम, म्हणून सोडून दिलं. मग फोनवर श्रुतीने देवाशपथ सांगितलं की ती नाही. सासूबाई म्हणाल्या, तिला श्रीखंड फार आवडायचं. कोणाला ते मी विचारलं नाही.

१५ एप्रिल. ऑक्सिजन ९४

परीक्षितचा व्हिडिओ कॉल आला. बोलता बोलता त्याच्या मागून हिरव्या साडीतली बाई गेली. पदर खोचलेला, हातात पळी. मी कोण म्हणून विचारलं. त्याने वळून पाहिलं आणि कोणी नाही म्हणाला. कर्फ्यूत कोण येणार, म्हणाला.

मला भूतबित काही वाटलं नाही, बाई वाटली. हाडामांसाची. मी चार भिंतींत कोंडलेली आणि यांनी घरात कोणी आणून ठेवली. उषाभाभींचा संशय आला, पण त्या जाड्या आहेत. ही शेंगेसारखी. दुपारी दोरीवर पोपटी ब्लाउज वाळत होता. मला तो दंडातही शिरायचा नाही.

आणि वास आला. सहा दिवसांत कापूर नाही, लसूण नाही, वाफेतला ओवा नाही, आणि अंगणापलीकडून गवती चहाचा वास आला. फक्त तेवढाच.

१६ एप्रिल. ऑक्सिजन ९३

आज सकाळी श्रुतीने आई म्हणून हाक मारली. मी ताडकन उठून बसले. डोळ्यांत पाणी आलं. पोरगी महिन्याभरात वितळली, मी म्हटलं, आजारपणाचं सार्थक झालं. गजाला तोंड लावून ओ दिली.

ती माझ्याकडे पाठ करून उभी होती. स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत होती. आतून कोणीतरी तिला पोळी दिली, चौकोनी घडीची.

माझं मन इतकं कधीच जळलं नव्हतं. मी तीन आठवडे तिच्या वेण्या घातल्या, भागाकार शिकवला.

१७ एप्रिल. ऑक्सिजन ९२

सासूबाईंचे गुडघे धरलेले, त्या उभ्या राहून इतकं रांधूच शकत नाहीत. ताटात बारीक चिरलेली कोथिंबीर, आंबेडाळ, दोन वाट्या सारख्या भरलेल्या. फोन करून सरळ विचारलं की स्वयंपाक कोण करतं. सूनबाई करते, म्हणाल्या. मी म्हटलं, सून मी आहे. त्या हसल्या. लहान मुलाला समजावतात तशा हसल्या. मग कोणीतरी त्यांच्या हातून फोन घेतला आणि बंद केला.

परीक्षितचा कॉल नाही. मी केले, उचलले नाहीत. दुपारी अंगणात तो आणि श्रुती कॅरम खेळत होते. तिसरं कोणी माझ्या नजरेच्या पलीकडे भिंतीशी बसलेलं होतं. सोंगट्या तीन बाजूंनी जात होत्या. किती दिवसांनी हसला तो. माझ्याशी असा नाही हसला कधी.

१८ एप्रिल. ऑक्सिजन ९०

डब्यांना ऊन दाखवलं आहे. अंगणात ओळीने मांडलेत. मोहरी, धणे, तीळ. तिरपं अक्षर. मी बोळा करून फेकलेल्या चिठ्ठ्या, सुरकुत्यांसकट परत चिकटवलेल्या.

श्रुतीचा चेंडू माझ्या दारापर्यंत आला. तिने मोठ्याने विचारलं की या खोलीत कोण आहे. सासूबाई म्हणाल्या, कोणी नाही, काकू होती.

मी ओरडले. आहे म्हणून ओरडले. खोकल्याची उबळ आली. श्रुती चेंडू घेऊन पळाली — घाबरून पळाली, मला घाबरून.

१९ एप्रिल. ऑक्सिजन ८८

नववी रेघ. तिच्या नऊ, माझ्या नऊ.

दार ढकललं. कडी बाहेरून. ताट आलंच नाही, हाकही नाही. ॲम्ब्युलन्सच्या नंबरावर फोन लागत नाही, सगळ्या लाइनी व्यस्त.

परीक्षितला अकरा वेळा केला. बाराव्यांदा उचलला, बाईने. आवाज मऊ, चांगल्या घरचा. मी म्हटलं, मी सुरुची, त्यांना द्या. ती म्हणाली की माफ करा, आमच्याकडे सुतक आहे, घरातलं माणूस गेलं, तेराव्यानंतर करा.

मी विचारलं, कोण गेलं —

तिने माझंच नाव सांगितलं. हळहळून सांगितलं. फार सोसलं हो बिचारीने, म्हणाली. मेलीला माझी कीव करायचा हक्क कोणी दिला?

२० एप्रिल

बोटाला यंत्र लावलं. आकडा येत नाही. नुसती रेघ. सेल संपले असतील.

उषाभाभी फाटकातून आत आल्या, पांढऱ्या साडीत. अंगणात उभ्या राहून रडल्या. माझ्यासाठी. हिरवीने त्यांना पाणी दिलं, भाभींनी तिच्या खांद्यावर डोकं ठेवलं. मी जाळीवर हात आपटले. जाळी हलली नाही —

सोनार येऊन गेला वाटतं. परीक्षित त्याला ओसरीवर काहीतरी समजावत होता, बोटांनी माप दाखवत होता. नखाएवढं.

२१ एप्रिल, दुपार

आज ऐकलं. कान फसवत नाहीत. स्वयंपाकघरातून सासूबाईंचा आवाज आला: आधी तिला वाढा, मग बाकीच्यांना.

तिला म्हणजे मला! पहिलं पान माझं. सगळ्यांच्या आधी माझं. एक महिना या एका वाक्यासाठी जळले. हसू आलं, रडूही. उषाभाभींना सांगायला हवं, आता आधी मला —

ताट घ्यायला दाराशी गेले. कडी निघालेली. दार उघडं. स्टुलावर काही नाही.

पान आत वाढलंय. स्वयंपाकघरात, भिंतीशी. छोटा पाट, रांगोळी. पाटावर कोणी बसलेलं नाही.

पहिलं पान कोणाला वाढतात, ते मला माहीत —

नंतर

पाऊल उंबऱ्याबाहेर पडत नाही. हात अंगाशी येतायत. आपोआप. खाली सरळ. लिहिताना ओढून वर घ्यावा लागतो —

तारीख?

ते जेवायला बसलेत. परीक्षित, श्रुती तिला टेकून. हिरवी साडी. नाही, आज मोरपिशी. माझी. नेसण्याआधी तिने ती गळ्याशी लावली, मी पाहिलं, गळ्यात काळ्या दोऱ्यात नवा टाक. चकचकीत. तिने सोंग नाही केलं. नीट टेकवली साडी. माझ्या गालाला साडीची जर लागली. इथे, खोलीत —

कुंकवाचं बोट. कपाळाला गार.

आता घास कालवते. वरणभात, तूप. उचलला. टाकाला —

चव आली! बारा दिवसांनी चव, तोंडभर, मी तर काही खाल्लंच नाही —

मीठ कमी आहे. परीक्षित, मीठ कमी आहे तिच्या वरणात, माझ्या हातचं याहून कितीतरी —